मासा फक्त नावात

घोडेगावच्या स्टँडवर बहिरूदादा भीमाशंकरच्या गाडीची वाट बघत बसले होते. पाठीमागच्या बाकावर साळुबाई आपल्या मैत्रिणीला, अंबाबाईला, सांगत होती.

"पुण्याचं पावणं आमच्या वाईनच्या द्राक्षांच्या बागेत सहलीला आलं व्हतं. जाजम अंथरलं, मासवडी वाढली, आन सगळ्यांनी हात मागं घेतलं."

"का गं?"

"म्हणं, आमी मासे खात न्हाई."

"अगं बाई!"

"पहिल्यांदाच पावणं आलं, आन उपाशी उठत्यात का काय!"

भीमाशंकरची गाडी लागली. बहिरूदादा उठले आणि पुढचं ऐकायला पुन्हा बसले.

"नुसतं बेसन हाय म्हणून सांगायचं न्हाई व्हय?" अंबाबाईनं विचारलं.

"सांगितलं, पण पटंना. मग वडी मोडूनच दाखवली. म्हणलं, बघा, आत तीळ, खोबरं, लसूण. मासा फक्त नावात हाय."

"मग?"

"त्यांच्यातल्या म्हातारीनं रश्श्यात बुडवून खाल्ली. मग पोरीबी सुटल्या. वाईनचं पेलं राह्यलं बाजूला, रस्सा वाट्या भरभरून प्यायल्या."

"आन तू कवा जेवलीस?"

"कुठली जेवतीय! पातेल्यात बघितलं, तर खरवडायलाबी काय न्हाई. तवा कुठं जिवात जीव आला बघ."