गरुडझेपेखालचा माणूस

टाळ थांबवा जरा, मृदंगावर हात ठेवा. मंडळी, ऐका! क्षमा करायची खरी वेळ कोणती? वैरी लांब असतो तेव्हा? छे! लांबच्याला कुणीही क्षमा करतं. वैऱ्याचा जीव आपल्या हातात आला, आणि आपण काय केलं ते कुणाला कळणारही नाही — तेव्हा काय करता, ते सांगा!

भैरू चौगुले नावाचा एक पैलवान होता. लाल मातीतला नव्हे हं! जत्रेत तंबू ठोकून, दोराच्या रिंगणात खेळाची कुस्ती दाखवणाऱ्या कंपनीतला. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. हसू नका — आपल्या सोसायटीची निवडणूक आठवा! भैरू रोज हरायचा. तोंडावर काळा मुखवटा, लोक म्हणायचे दैत्य! शेंगांची टरफलं मारायचे.

आणि जिंकायचा जालिंदर. नाव गरुड! कोपऱ्यातल्या खांबावर चढायचा, लोकांकडं तोंड, रिंगणाकडं पाठ — आणि तसाच मागं उडून, हवेत कोलांटी घेऊन, उताण्या पडलेल्या दैत्याच्या छातीवर! गरुडझेप! तंबू डोक्यावर घ्यायचे लोक.

पण उडणाऱ्याला खालचं दिसतच नाही, मंडळी! खालचा माणूस हात वर करून त्याचे खांदे झेलतो, भार स्वतःच्या छातीवर घेतो. खालचा हातभर सरकला, तर गरुडाची मान मोडली! टाळी वरच्याला, मार खालच्याला. बघा, मायमाऊल्या हसल्या — त्यांना कळलं!

हा जालिंदर म्हणजे भैरूच्या धाकट्या बहिणीचा, अनसाचा नवरा. लग्नात भैरूनंच त्याचा कान पिळून म्हटलं होतं, "माझ्या बहिणीला जपा!" पण टाळ्या वाढल्या, तसं याचं डोकं फिरलं.

एका जत्रेत दुपारीच अनसा तंबूत आली. हातात बोचकं.

"दादा, मूल होत नाही म्हणून घराबाहेर काढलं मला. दुसरी बघितलीय म्हणे."

भैरूनं तिला पाणी दिलं. मुखवटा उचलला. "आज बघतोच त्याला!"

अनसा चरकली. झेप तिला ठाऊक होती. "दादा, मला त्यांच्याकडं जायचं नाही. पण त्यांच्या मरणावर मला जगायचंबी नाही."

भैरूनं मुखवटा तोंडावर चढवला.

खेळ रंगला. दैत्य उताणा पडला, गरुड खांबावर चढला, लोकांकडं वळला — आणि समोर कोण? बोचकं घेऊन उभी अनसा! म्हणजे भैरूला कळलंय! उतरावंसं वाटलं. पण लोक ओरडतायत, "गरुड! गरुड!" उतरणार कुठं?

खाली भैरूच्या मनात एकच — सरक. हातभरच. लोक म्हणतील, पैलवानाचा नेम चुकला. आणि वर बघतो, तर खांबाच्या टोकावर त्या दोन टाचा थरथरतायत. लेकरासारख्या!

राग गेला का हो? नाही गेला! राग तसाच छातीत होता. पण हात वर गेले.

जालिंदर उडाला. भैरूनं खांदे झेलले, भार छातीवर घेतला, आणि कानाशी विचारलं, "पाव्हणं, लागलं न्हाई न्हवं?"

पंचानं तीन मोजले. लोक नाचले. गरुड उठेचना! दैत्याच्या छातीवर तोंड खुपसून हुंदके देत होता. लोकांना वाटलं, दमलाय!

खेळ संपल्यावर तो अनसापुढं गुडघ्यावर बसला. "चल घरी. चुकलो."

ती म्हणाली, "दादानं तुमचा जीव राखला. म्हणून माझा संसार जुळला, असं नाही."

ती भावाकडंच राहिली. जालिंदरनं दुसरं लग्न मोडलं. दर बाजाराला यायचा, उंबऱ्याबाहेरूनच "बरी आहेस ना?" विचारून जायचा. पुढच्या दिवाळीत तिनं त्याला आत बोलावलं, पाट मांडला, जेवायला वाढलं. पुढचं त्या दोघांचं!

आता तुमचं सांगा! कुणाचं भावाशी बांधावरून वाकडं, कुणाचा सुनेशी अबोला. म्हणता, राग गेला की बघू. अहो, राग जाईपर्यंत वरचा खाली आदळलेला असतो! राग असू द्या. हात तेवढे वर करा. करा की! मागच्या रांगेतले, तुम्हीसुद्धा! हां — असेच राहू द्या वर, शेजारी कोण बसलंय ते एकदा बघा, आणि मग घ्या विठ्ठलाचं नाव!