यशराजदादांच्या नावामागची सावली

—तर आधीच सांगून ठेवतो, शुद्धलेखन तुमचं तुमी बघायचं. ऱ्हस्व-दीर्घ माझं चुकतं, आन शब्दबी माझे सादेच असत्यात — हार्दिक, शुभेच्छुक, आधारस्तंभ — ह्याच्या पल्याड मला काय लिवता येत न्हाई, तवा राग मानू नगा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. छापायच्या आधी मी स्क्रीनवर दावतो, तुमी अक्षर न् अक्षर वाचायचं, मान हलवायची, मगच मी मशीनला सोडणार. एकदा कुणाची मान हालायच्या आधीच सोडलं हुतं, ते अजून भोगतोय. बसा की. ते स्टूल डुगडुगतंय, भितीला टेकवून बसा. आन मी तिकडं तोंड करून बोलतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नगा हां. मला माणसाकडं बघून बोलता येत न्हाई, जीभ अडकती. कॉम्प्युटरकडं बघितलं की सुटती. नानासो, म्हंजी आमचे मालक, जेवायला गेल्यात ते — ते म्हणत्यात, बिरद्याला गिऱ्हाईक पाठीमागंच बरं.

नाव काय टाकायचं? मागनं सांगता? बरं. कार्यक्रम काय — सेवापूर्ती. व्हय व्हय, मिल्ट्रीतनं कोणतरी रिटायर होऊन आल्यात, सत्कार हाय. मग तिरंगा आलाच. मागं रणगाडा टाकू का? नगं? विमान? तेबी नगं. सादं पाहिजे. फ्लेक्स सादा ठेवा, पर अक्षर सादं ठेवू नगा, माझं ऐका. सादं अक्षर स्टँडवर लावलं की मानसं म्हणत्यात, दहावा-बिहावा हाय का काय. हे बघा, माझ्याकडं तऱ्हा लय हायत. ही सोनेरी — ही वाढदिवसाला चालती. ही पेटल्याली — ही 'भावी सरपंच' असलं तर, त्यांना जाळाशिवाय जमत न्हाई. ही पोलादाची, कडंला घासून चकाकी काढल्यावानी — ही तालमीची पोरं मागत्यात. आन ही बर्फाची, ही एकदाच खपली, आइस्क्रीमवाल्याला. तुमच्या मिल्ट्रीवाल्यांना पोलादी शोभंल. न्हाईतर सोनेरी. सावलीसकट. सावली दिली न्हवं, की अक्षर फ्लेक्सवरनं उठून हातभर पुढं आल्यागत दिसतंय — मानूस खालनं चालला तरी हात लावून बघावा वाटतंय त्याला.

शिकलो कुठं? कुठं शिकणार. ही बघा ही, तोंडात ब्रश धरल्याली कोल्ह्याची मुंडी — हे फुकटचं सॉफ्टवेअर. मोठं सॉफ्टवेअर आमच्या ह्या डब्याला ओढंना, चालू केलं की डबा असा कण्हायचा, जशी चढाला लागल्याली उसाची ट्रॉली. मग हे फुकटचं घातलं. आता फुकटचं म्हंजी शिकवायला कोण न्हाई. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, त्यो हिंदीत सांगतोय, हितं समदं इंग्रजीत लिवल्यालं, आन मी आटपाडीकडचा, माझं मराठीच लोकांना दोनदा सांगायला लागतंय. मी जागा पाठ केल्या. वरनं पाचवं नाव, त्यात खालनं तिसरं, मग काळी चौकट येती, तिथं आकडा वाढवायचा. अर्थ काय ते ठावं न्हाई — पर अर्थ न्हाई कळला तरी सोनं निघतंयच की. आमची आई मंत्र म्हणती, तिला तरी कुठं अर्थ ठावं हाय.

ते समजावून सांगितलं ते एका — एका गिऱ्हाइकानं. कॉलेजच्या प्रोजेक्टचं पान छापायला आली हुती. म्हंजी आलं हुतं, गिऱ्हाईक. मी वरनं पाचवं, खालनं तिसरं असं पुटपुटत हुतो, ते तिनं ऐकलं. हसली न्हाई, हे सांगतो तुमाला. मागं उभी राहून एकेक शब्द वाचून दिला. ह्यो थर, ही कड, ही सावली. थर म्हणल्यावर मला कळंना, तर म्हणली, चपातीचा पापुद्रा असतोय न्हवं का, तसं. अक्षर एक पापुद्रा, त्याची सावली दुसरा पापुद्रा, वरचा काढला तरी खालचा ऱ्हातोय. तेवढं एकदाच सांगितलं तिनं. मी नीट ध्यानात ठेवलं असतं तर पुढचं काय झालंच नसतं.

कुठला? स्टँडवरचा फ्लेक्स? यशराजदादांचा? — तुमाला कुणी सांगितलं त्यो मी केला म्हणून? पानवाला न्हवं? त्याच्या तोंडाला झाकण न्हाई. मागच्या महिन्यातली गोष्ट, मिटली बी कवाच. न्हाई, सांगाया काय न्हाई त्यात — सांगतो, नानासो यायच्या आत सांगतो, त्यांच्यासमोर विषय काढला की ते आजून हसत सुटत्यात.

तर कसं हाय, शिकताना सरावाला कायतरी एक नाव लिवायला लागतंय. व्हिडिओतला गडी आपलंच नाव लिवतोय. मला माझं नाव सोन्यात बघून लाज वाटली ओ. बिरदेव — सोन्यात — कशाला? मग मी लिवलं संयोगिता. आता त्याला कारण हाय, ऐका. त्या नावात समदं हाय. डोक्यावर टिंब हाय, मात्रा हाय, वेलांटी हाय, काना हाय. जी तऱ्हा ह्या नावावर बसली ती कुठल्याबी नावावर बसती. कामाचं नाव हाय ते, सरावाला. पेटवून बघितलं, गोठवून बघितलं, पोलादाचं केलं. सोनेरी केलं तवा इतकं झ्याक झालं, की ती फाइल मी ठेवून दिली — मागं निळंशार रातीचं आभाळ, त्यावर सोन्याचं नाव, खाली गडद सावली. व्हय, त्याच गिऱ्हाइकाचं नाव. योगायोग.

मग यशराजदादांचा वाढदिवस आला. दादा म्हंजी ते, गावात कुणाचंबी लगीन असू द्या, फ्लेक्सवर काळा गॉगल लावून, कानाला मोबाइल धरून हुभं असत्यात ते. त्यांची पोरं आली, म्हणली, बिरद्या, ते तुझं सोनेरी आभाळ पाहिजे. खाली शुभेच्छुकांचे फोटो, आन ते फोटो बारकं-मोठं झालं तर गावात भांडणं लागत्यात, म्हणून माझं समदं ध्यान फोटोंच्या मापात. ह्याचं डोकं त्याच्या डोक्यापरीस मोठं न्हाई न्हवं, ह्याचा नंबर त्याच्या आधी का. नाव काय, नाव तर तयारच हुतं. संयोगिता खोडलं, यशराजदादा लिवलं, सोनं तसंच ऱ्हायलं. झालं. पर हितंच माती खाल्ली. वरचा पापुद्रा बदलला. खालचा कोण बदलणार? सावली संयोगिताचीच ऱ्हायली.

दिसली कशी न्हाई म्हणता? ह्या स्क्रीनवर? ही बघा किती मेलीया ती. हिच्यावर निळं बी काळं आन काळं बी काळं. आन यशराजदादा हे नाव लांब, त्यात बाकीचं समदं झाकून गेलं. पोरांना दावायच्या आधी माझी मीच मान हलवली, मशीनला सोडलं. सकाळी पोरांनी स्टँडवर चढवला, फटाकड्या वाजल्या, केक कापला, कुणाला काय दिसलं न्हाई. पर फ्लेक्सचं तोंड उगवतीकडं हुतं. सांजच्याला सूर्य फिरून त्याच्या मागं आला, आन समदा फ्लेक्स धोतरागत उजळला. आभाळाचं निळं उडून गेलं, सोनं फिकं पडलं, आन मागचं नाव जागं झालं. यशराजदादांच्या मागनं एक वेलांटी बाहेर आलीया, वर टिंब हाय, एक मात्रा वाकून बघतीया. कराडची गाडी लागली हुती, तिच्यातली मानसं खिडकीतनं मान काढून वाचाय लागली. आमच्या मानसांना तुमी ओळखत न्हाई — सात-बाराचा उतारा वाचता येत न्हाई त्यांना, पर दुसऱ्याच्या फ्लेक्समागचं नाव बरोब्बर वाचलं.

मला वाटलं, दादा येऊन माझं मुंडकं धरत्यात. पर त्यांनी काय करावं? ते आलं, बघितलं, गॉगल काढून बघितलं, आन गालातल्या गालात हसलं. कोण ही, म्हणून पोरांनी छेडलं, तर हो न्हाई आन न्हाई बी न्हाई, केसांवरनं हात फिरवत हुभं ऱ्हायलं. त्यांना स्वतःलाच कळंना कोण ती, पर फुकट आलंय तर घ्या, अशी गत. संयोगिता नावाच्या पोरी आमच्या भागात काय गाडाभर न्हाईत. पलीकडच्या गावची, रोज ह्याच स्टँडवरनं कॉलेजला जाणारी, एकच. दिवेलागणीपर्यंत गावानं दोघांचं जुळवून टाकलं. चहाच्या गाड्यावर तर कार्यालय बी ठरलं.

तवा मी हितं, ह्याच खुर्चीत बसलो हुतो. मला धड जेवण गेलं न्हाई. तुमी म्हणाल, तुझं काय जातंय, कुणी तुझं नाव घेतलं का? न्हाई घेतलं. तेच तर. मी गप बसलो तर कुणाला कवा कळणार न्हाई, मी मोकळा. आन ती — तिचं काय देणं न् काय घेणं, तिनं बिचारीनं पापुद्रा म्हंजी काय ते सांगितलं, तर तिचं नाव ह्या गॉगलवाल्याच्या पाठीमागं टांगलं मी. तिचा बाप मिल्ट्रीत हाय असं ती म्हणली हुती, कुठं बरफात असतोय, त्याच्या कानावर गेलं तर — आन मी खरं सांगितलं तर काय सांगू? की बाबांनो, दादांचा काय संबंध न्हाई, ते नाव माझ्या फाइलीतलं हाय, मीच रोज ते सोन्यात लिवतोय? म्हंजी, सरावाला. सरावालाच ओ. बरं, रोज न्हाई. एकाआड एक.

ते जाऊ द्या, ते लय झालं. तुमचं काम ऱ्हायलं. फोटो द्या सत्कारमूर्तीचा. व्हॉट्सॅपला टाका, नंबर हितं भितीवर हाय. आला बघा. वा. वर्दीतला हाय, झ्याक हाय, छातीवर पदकं बी दिसत्यात. मागं गाडी हाय, ती कापतो. शेजारी कोण पोरगी हुभी हाय, वर्दीची टोपी तिनंच घातलीया बघा — खोडील दिसती. ही कापू न्हवं? सत्काराला एकट्याचाच फोटो बरा दिसतोय. थांबा, मोठा करतो, टोपीच्या कडेनं नीट कापायला लागंल, तुमच्या खांद्यावर हात हाय तिचा, त्यो ऱ्हायला तर —

…

तुमच्या. म्हंजी फोटोतलं तुमीच. आन टोपीखालची ही —

…

न्हाई, कापत न्हाई. माउस ठेवला मी. हे बघा, ठेवला. पाणी आणू का? माठ भाईरच हाय, मी पटकन — बसतो. बसलो. तुमी ते दार कशाला ओढून घेतलं ओ, आवं, वारं येऊ द्या की जरा. नानासो येतीलच आता. न्हाई, मी तुमच्याकडं तोंड करूनच बोलतोय. बघतोय की. तुमी — तुमी आल्यापास्नं मला म्हाईत असतं तर मी एवढं — तुमीच इचारत गेला. मी कुठं सांगत हुतो.

काय? पुढचं? पुढं काय न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी, व्हय, सकाळी काय केलं ते — सांगतो. समदं सांगतो. दिवस उगवायच्या आत शिडी काढली नानासोंची, बांबूची, लांबडी. स्टँडवर गेलो. दूधवाले हुते, पेपरवाला हुता, पहिल्या गाडीला कॉलेजची पोरं-पोरी हुती. मी कुणाकडं बघितलं न्हाई. शिडी लावली, चढलो, दोऱ्या कापाय लागलो. खालनं पोरांनी इचारलं, काय रं, दादांचा फ्लेक्स का उतरवतोस? तर मी वरनंच सांगितलं. माझी जीभ कशी सुटली मला ठावं न्हाई, फ्लेक्सकडं तोंड हुतं म्हणून आसंल.

म्हणलो, "दादांचा काय संबंध न्हाई. ती सावली माझी हाय."

एवढंच. हसली समदी. हसू द्या. पर शिडी हलाय लागली ओ, बांबू जुना. मग ती हलायची थांबली. कुणीतरी खालनं धरली. घट्ट धरली.

कुणी ते मी कसं सांगू? मी वर हुतो. दूधवाल्यांना इचारा — न्हाई, त्यांना इचारू नगा. उतरलो, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारली, शिडीचं एक टोक खांद्यावर घेतलं, आन दुकानाकडं चालाय लागलो. समद्या स्टँडदेखत. शिडी लांब हाय, तुमीच बघा, ती तिथं भाईर हाय — एकट्याला पेलत न्हाई. पुढचं टोक माझ्या खांद्यावर हुतं. मागचं टोक बी कुणाच्यातरी खांद्यावर आसंलच की, जमिनीला घासत न्हवतं. पर कुणाच्या, ते मला इचारू नगा साहेब. मी दुकानापर्यंत मागं वळून बघितलंच न्हाई.