खुंट्याला दिलेला निरोप

घोड्यामार्फत भांडलाय का कधी कुणी तुमच्यात? मी भांडलोय, तेही सगळा उन्हाळा.

लातूर नवा जिल्हा झाला तसे हौशी लोकांनी घोडे घेतले अन् माझ्या तबेल्यात ठेवले. त्यांना चाल शिकवायला रशीदभाई होते. मग दुष्काळ पडला. एक दिवस बघतो तर रशीदभाईंनी टँकरचं पाणी रिंगणात शिंपडलेलं!

"प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही मातीला पाजताय?" मी ओरडलो.

"धूळ छातीत बसली की घोडा कामातून जातो, अप्पा. तबेला तुमचा हाय, घोड्यातलं मला कळतंय."

झालं, बोलणं बंद. पण काम तर अडायचं. मग ते बादल नावाच्या घोड्यावर हात फिरवत म्हणायचे, "बादल, मालकाला सांग, कडबा संपला." मी म्हणायचो, "बादल, त्यांला सांग, संध्याकाळी येतोय." बादल मान हलवायचा. निरोप पोचला, असं दोघंही धरून चालायचो.

चारा मिळेना, तसे लोक आपापले घोडे घेऊन गेले. शेवटी बादलही गेला.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई आले, बादलच्या रिकाम्या खुंट्यासमोर उभे राहिले अन् म्हणाले, "मालकाला सांग, मी नांदेडला चाललो. आता परत यायचं न्हाई."

मीही खुंट्याकडंच बघून म्हणालो, "त्यांला सांग, जाऊ नका म्हणावं."

मान हलवायला कुणीच नव्हतं.

मग ते गेले.