साडीवर लाइफ जॅकेट

बेंगळुरूच्या बसस्टँडवर दांडेलीच्या बससाठी रांग लागली होती. कृष्णमूर्तींनी पुस्तक उघडलं खरं, पण पुढेच दोघी बहिणी उभ्या होत्या, आणि थोरल्या मालनबाईंनी साडीवर केशरी लाइफ जॅकेट चढवलं होतं. मग कसलं वाचन!

"अक्का, इथंच कशाला घातलंस? लोक बघतायत."

"बघू देत. गेल्या साली श्वास कोंडतो म्हणून पट्टे सैल केले, तर राफ्टवाल्यानं मला काठावरच बसवलं. यंदा तीन दिवस सवय करतेय. आरतीसुद्धा यातच केली, ठकू!"

"अगं बाई! आणि झोप?"

"झोपले की. स्वल्प अवघडतं, पालथं होता येत नाही, एवढंच."

"नदीत पडलीस तर?"

"उताणं तरंगायचं, पाय पुढं. उभं राहायला जायचं नाही, दगडात पाय अडकतो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! त्यातच तर मजा."

"मी बाई काठावरूनच हात हलवणार."

"सरी, बरं. हलव."

धाकटीनं जॅकेटचा पट्टा चाचपून पाहिला.

"काय गं?"

"काढ ते जरा. मला होतं का बघू."

"ये! अण्णा, ते पुस्तक मिटा नि ही पिशवी धरा जरा. ठकू, श्वास सोड, ओढते!"