तिसऱ्या घंटेची दोरी

“ट्रेव्हेला आजोबा, तुमच्या चर्चची तिसरी घंटा हल्ली मुकी का असते?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मॉर्वेनाने चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या ट्रेव्हेला आजोबांना बसच्या रांगेत सगळ्यांदेखत विचारलं. खरं तर तिने विचारायचं नव्हतं. तिचे वडील समोरच्या चॅपलमध्ये, म्हणजे मेथडिस्ट पंथाच्या वेगळ्या प्रार्थनाघरात, प्रवचन करत, आणि कॉर्नवॉलच्या त्या गावात चॅपलवाले चर्चची पायरी चढत नसत.

“दोरी ओढायला माणूस नाही, बाळ.”

“आणि चौथीचा ठोका दर रविवारी उशिरा पडतो,” मागून नॅन्सबाई म्हणाल्या.

“नॅन्सबाई, तुम्ही तर चॅपलच्या. तुम्हाला काय ठाऊक?”

“कान काही मी तुमच्या बिशपला दिलेले नाहीत. साठ वर्षं खिडकीत बसून मोजतेय.”

“मग आत येऊन ऐका की.”

“चर्चचा कर भरला नाही म्हणून माझ्या आजोबांचं घड्याळ उचलून नेलंत तुम्ही. आधी ते आणा.”

“अहो, शंभर वर्षं झाली त्याला.”

“म्हणजे किल्ली द्यायलाही विसरला असाल.”

रांग हसली. मॉर्वेनाने घसा साफ केला.

“दोरी ओढायला मुलगी चालते?”

“हल्ली चालते.”

“चॅपलची?”

ट्रेव्हेला आजोबा नॅन्सबाईंकडे बघत राहिले.

“माझ्याकडे काय बघताय? तिसरीवाचून माझी मोजणी चुकते.”

संध्याकाळी चहाच्या वेळी मॉर्वेनाने बशी बाजूला सारली.

“आई, बाबा, शनिवारपासून मी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला शिकणार आहे. प्रार्थनेला तुमच्याबरोबर चॅपलमध्येच बसेन. आणि नॅन्सआजींचं घड्याळ तिथे कुठे दिसतंय का, तेही बघून येणार आहे.”