लाल गाडीतली चीं चीं

२०२३ सालच्या वैशाखातली गोष्ट. तलवाड्याच्या बाबाराव पाटलांच्या नातवाने नवी लाल स्पोर्ट्स कार आणली. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून नवरदेव म्हणून निघायचं, आणि इंजिन चीं चीं करू लागलं. शोरूमचा माणूस लॅपटॉप लावून बघून गेला. त्याला काही सापडलं नाही.

बाबारावांनी मला, गावच्या इंजिन मिस्त्रीला, बोलावलं. माझी बायको बाळंतपणात अडली होती, तेव्हा त्यांनी स्वतः जीप हाकत तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचवलं होतं. पेट्रोलाचे पैसेही घेतले नव्हते. ते ओझं मी पंचवीस वर्षं वागवत होतो.

नातू हसला. "आजोबा, चाचा तर विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करतेत!"

मी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. आवाज इंजिनावरच्या रबरी पट्ट्याजवळ होता.

"गाडीची पूजा कुठं केली बे?"

"लिंबागणेशला."

"अक्षता कुठं टाकल्या?"

"इंजिनात. आजोबाच म्हणले, टपावर कशाला टाकता, गाडी पळते इंजिनावर."

बाबाराव दुसरीकडे बघू लागले.

मी इंजिन बंद करायला लावलं. पट्ट्याच्या खाचांत कुंकवाचे चार तांदूळ रुतले होते. चिमट्याने काढले.

"आता मार सेल्फ."

गाडी वाघासारखी गुरगुरली. चीं चीं गेली. नातू माझ्या पाया पडला.

बाबारावांनी खिशात हात घातला. "मिस्त्री, किती झाले?"

"अंबाजोगाईची खेप फिटली."

"फिटली," ते म्हणाले.