आतल्या आत चिकटतंय

…अन् वर म्हणतात, कॉपी-पेस्ट काय, ते तर शेंबड्या पोरालाबी येतंय. येतंय की, न्हाय कोण म्हणतंय? पण आमच्या उमरग्यातल्या बंडप्पांच्या सुनेला, इंजिनिअर झालेल्या, पुण्याच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या शिवरंजनीला एका मंगळवारी सकाळपासनं दुपारपर्यंत ते आलं न्हाय, अन् का आलं न्हाय ते तिलाबी कळलं न्हाय, मग मला काय कळणार… मी आपला शेजारी, भिंतीला भिंत, जे कानावर आलं ते सांगतो.

तर तुम्हाला सांगतो, ही रंजू लग्न करून आली तवा कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, पण कशी, तर 'थोडे दिवस बघू' अशी. बघू म्हणजे? म्हणजे अडचण आली की बिस्तरा गुंडाळा अन् पुण्याला या. आता नवऱ्याचं, शिवपुत्रचं, ट्रकच्या पार्टचं दुकान हायवेला, ते काय डोक्यावर घेऊन पुण्याला जाता येतंय? म्हणून घरातले सगळे जपून. बंडप्पांनी रस्त्याकडंची खोली सुनेला दिली, स्वतःची खुर्ची दिली, अन् आपण मधल्या खोलीत बाजेवर गेले.

कंपनीचं काम काय, तर दूध डेअऱ्यांचं. गावोगाव दूध गोळा होतं, कुणाचं किती, फॅट किती, ते सगळं लांब कुठंतरी एका मोठ्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर, जाऊन बसतं, अन् ही इथून एका काळ्या पडद्यात इंग्रजीत हुकूम टाइप करणार अन् तो तिकडं ऐकणार. पण लाईट गेली की नेट तुटायचं, नेट तुटलं की तिकडं चाललेलं कामबी अर्ध्यात मरायचं. मग ऑफिसातल्या तिच्या वरच्या बाईनं, आरजूनं, सांगितलं की टीमक्स वापर. टीमक्स म्हणजे काय, तर काळ्या पडद्यातच आणखी एक पडदा, तुमची लाईट जाऊ द्या, न्हायतर तुमचं घर अंधारात बुडू द्या, तिकडं काम आपलं चालूच. वर त्याचे दोन कप्पे करता येतात, डावीकडं एक काम, उजवीकडं दुसरं. रंजूनं ते घातलं, लाईट गेली, आली, काम जिथल्या तिथं. गंगम्मांना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, काय झालं ते कळलं न्हाय, पण सून हसली म्हणून त्यांनी शिरा केला.

अन् मग आला तो मंगळवार. सकाळचे दुधाचे आकडे मधेच अडकले, पडद्यावर इंग्रजीत चुकांचं हे भलंमोठं पुराण आलं, वरनं खाली सरकवत जावं तरी संपेना. संध्याकाळचं दूध यायच्या आत ते निस्तरायला पायजे, न्हायतर सगळ्या डेअऱ्यांत गोंधळ. तो सर्व्हर उघडायची परवानगी त्या दिवशी एकट्या रंजूकडं. अन् चूक शोधणारे बाकीचे, म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा निरोप, 'फोटो पाठवू नका, मजकूर चिकटवा.'

चिकटवा. बरं, चिकटवते.

तिनं माउसनं ओढलं, तर डाव्या कप्प्यातल्या ओळीबरोबर उजव्या कप्प्यातलीबी ओळ आली, मधली उभी रेघसुद्धा आली, म्हणजे कांदे निवडायला घ्यावेत अन् शेजारच्या पोत्यातले बटाटेबी सुपात यावेत. नेटवर शोधलं. एकजण म्हणतो, माउसची सेटिंग चालू कर. केली. आता एकाच कप्प्यातलं निवडलं जातंय, पण बोट उचललं की निवडलेलं गायब. दुसरा म्हणतो, माउस सोड, कंट्रोल अन् बी अक्षर दाब, मग चौकोनी कंस, मग बाणांनी सरक, स्पेस दाबून धर, एंटर दाबून उचल. तसं केलं. अन् उजव्या कप्प्यात चिकटवून बघितलं तर काय सांगू, चिकटलं की हो! तंतोतंत. रंजूनं सुटकेचा श्वास टाकला, ग्रुप उघडला, घाईघाईत चिकटवलं, अन् वाचायच्या आत पाठवलंबी.

ग्रुपवर काय गेलं? 'म्हैस विकू नको, गाभण हाय, एक वेत होऊ दे. अन् तुझ्या बायकोला सांग, मला सगळं कळलंय.'

झालं काय होतं, की गंगम्मांचा भाऊ हणमंतप्पा, जळकोटला असतो, त्याला सकाळी त्यांनी रंजूकडनं हा निरोप कॉम्प्युटरवर लिहून, कॉपी करून पाठवला होता. तो कॉम्प्युटरच्या पोटात राहिलेला. अन् टीमक्समध्ये उचललेलं टीमक्सच्याच पोटात. दोन पोटं वेगळी! कॉपी होतंय, चिकटतंयबी, पण आतल्या आत, बाहेर येत न्हाय.

रंजू ते पुसायला गेली. तेवढ्यात साहेबांचं उत्तर आलं, लई गंभीर, 'ही तक्रार कोणत्या संकलन केंद्राची आहे? नोंद करा.' दुधाची कंपनी पडली ना, म्हैस आली म्हणजे गिऱ्हाइकाचीच असणार. अन् कुणीतरी नोंद केलीबी, अन् तक्रार सोडवायची कुणी, तर शिवरंजनीनं.

मग पोरगी पेटली. एक सेटिंग घातली, बघितलं, म्हैस. ती काढली, दुसरी घातली, म्हैस. कुणी लिहिलंय, ही ओळ घाला, हमखास चालतंय. घातली. म्हैस. खाली दुसऱ्यानं लिहिलंय, माझं न्हाय चाललं. तिसरा म्हणतो, तुमचा काळा पडदाच बदला. बदलला. आता अक्षरं बारीक झाली, अन् म्हैस बारीक अक्षरात आली. कॉपी होतंय, पण आतल्या आत, बाहेर येत न्हाय…

गंगम्मा दारात आल्या. "काय करूलालीस गं सकाळपासनं? जेवली न्हाईस."

"आत्या, हितलं लिहिलेलं तिथं न्यायचंय."

"मग ने की."

आता यावर काय बोलणार, सांगा? रंजूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, की हे आज जमलं न्हाय तर साहेब पुण्यालाच ये म्हणतील. गंगम्मा आत आल्या. मग पदरानं त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा पुसला, अगदी कोपऱ्यापर्यंत, जसं काय तिथंच काहीतरी अडकलंय, अन् म्हणाल्या, "आता बघ." रंजूनं सासूच्या समाधानासाठी परत चिकटवून बघितलं. म्हैस.

मधल्या खोलीतनं बंडप्पांनी विचारलं, "जमलं का?" गंगम्मांनी दार लोटून घेतलं.

शेवटी तिनं आरजूला फोन लावला अन् सगळं सांगितलं, कप्पे, कंस, सेटिंगा, म्हैस. मग आरजू हळूच म्हणाली, "रंजू, कुणाला सांगू नको. माझं पण कधीच चाललेलं नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"मी फोनवर वाचून दाखवते, समोरचा टाइप करतो. चल, वाच."

अन् रंजू वाचायला लागली. तिरकी रेघ, डेअरी, तिरकी रेघ, खालची रेघ, टिंब, उघडा कंस, मिटला कंस… एका लयीत, चुकू नये म्हणून सावकाश. आरजू मधेच थांबवायची, मागची ओळ परत घे. ही परत घ्यायची. वाचता वाचता आरजूला चूक घावली, सर्व्हरवरची जागा भरून गेली होती, तिनं सांगितलं तसं रंजूनं जुनं साठलेलं काढून टाकलं, आकडे सुटले, अन् संध्याकाळचं दूध यायच्या आत सगळं सुरळीत. साहेबांनी ग्रुपवर 'छान' लिहिलं. पुण्याला ये म्हणून काय लिहिलं न्हाय.

पण सेटिंग जमली का? कुठली जमतीय. तवापासनं आठवड्यातनं एकदोनदा रंजू अशी फोनवर वाचत असते. पहिल्यांदा ऐकलं तवा बंडप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला, सून काहीतरी मनापासनं म्हणतीय म्हणून. दुसऱ्यांदा बंदच केला. मग गंगम्मांनी खोलीच्या दारात उदबत्ती लावायला सुरुवात केली. त्या उदबत्तीच्या वासानं गल्लीतल्या सिताबाई आल्या, त्यांच्याबरोबर आणखी दोघीतिघी आल्या, उंबऱ्याशी डोक्यावर पदर घेऊन बसल्या. रंजूनं त्यांना समजावून सांगितलं, की हे ऑफिसचं हाय, चुका हायत ह्या, दुसरं काय न्हाय. त्या म्हणाल्या, "असू दे बाई, तू वाच. कानाला बरं वाटतंय."

परवा शेवटची ओळ आली. रंजू म्हणाली, "टिंब." उंबऱ्यावरच्या बायकांनी हात जोडले.

मग तिनं तरी काय करावं? फोन खाली ठेवला, अन् तिनंबी जोडले.